एक शब्दही ऐकू न येणाऱ्या हेलन केलर यांनी बोलकी पुस्तकं घरोघरी कशी पोचवली?

हेलन केलर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. दिसत नाही, ऐकू येत नाही अशी एक लहान मुलगी, तिच्या हातावर पडणारं पंपाचं पाणी आणि दुसऱ्या हातावर बोटांनी अक्षरं काढणारी शिक्षिका. ज्यांनी २००५ सालचा ‘ब्लॅक’ सिनेमा बघितलाय, त्यांच्या डोळ्यांसमोर राणी मुखर्जी आणि अमिताभ बच्चन येतात. त्या सिनेमाची प्रेरणाही हेलन केलरच.

पण गोष्ट तिथेच थांबते. त्या पंपापाशी उभ्या असलेल्या मुलीचं वय होतं सहा वर्षं आणि काही महिने. त्यानंतर ती आणखी ८१ वर्षं जगली. या ८१ वर्षांत तिने काय काय केलं, हे आपल्याला फारसं सांगितलंच जात नाही.

त्यातलंच एक काम म्हणजे टॉकिंग बुक, म्हणजे बोलकी पुस्तकं. आज परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात काचबिंदूने नजर गेलेले एखादे निवृत्त गुरुजी घरबसल्या कादंबरी ऐकू शकतात. या सोयीची सुरुवात शोधत गेलं की आपण १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत पोचतो. अंध माणसाला पुस्तकाची तबकडी आणि ती वाजवायचं मशीन, दोन्ही वापरायला मिळालं पाहिजे अशी व्यवस्था तिथे उभी राहिली. त्यासाठी सरकारदरबारी शब्द टाकणाऱ्यांत हेलन केलर आघाडीवर होत्या.

यात दोन गोष्टी विशेष आहेत. एक, हेलन केलर यांना ते मशीन स्वतः कधीच वापरता येणार नव्हतं, कारण त्यांना ऐकूच येत नव्हतं. आणि दोन, सुरुवातीला त्यांनी या मशीनसाठी मदत करायला चक्क नकार दिला होता.

टस्कंबियातली मुलगी

हेलन केलर यांचा जन्म २७ जून १८८० चा. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं टस्कंबिया हे त्यांचं गाव. वडील आर्थर केलर हे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले कॅप्टन, नंतर वर्तमानपत्राचे संपादक. आई केट.

हेलन १९ महिन्यांची असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. पुढची पाच वर्षं ती घरच्यांशी खाणाखुणांनी बोलत राहिली. भाकरी हवी तर एक खूण, आई हवी तर दुसरी. घरातल्या स्वयंपाकिणीची मुलगी मार्था तिच्या बऱ्याच खुणा ओळखायची. पण खुणा संपल्या की हेलनचा राग अनावर व्हायचा.

आईवडील तिला घेऊन डॉक्टरांकडे फिरले. त्या धडपडीतच त्यांची गाठ अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याशी पडली. टेलिफोनवाले बेल ते हेच. बहिऱ्या मुलांचं शिक्षण हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. त्यांनी बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेशी संपर्क साधायला सांगितलं आणि तिथून ३ मार्च १८८७ रोजी अ‍ॅन सुलिव्हन टस्कंबियात आल्या.

अ‍ॅन तेव्हा अवघ्या २० वर्षांच्या होत्या. खुपऱ्यांच्या आजाराने लहानपणीच त्यांचे डोळे जवळपास गेले होते. शस्त्रक्रियांनंतर थोडी नजर परत आली, पण ती कायम अधूच राहिली. म्हणजे हेलनला जग दाखवायला आलेल्या बाईंचे स्वतःचे डोळेही कधीच पूर्ण बरे नव्हते. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत याला महत्त्व आहे.

महिनाभरातच पंपाच्या पाण्याचा तो प्रसंग घडला. एका हातावर पाणी, दुसऱ्या हातावर बोटांनी लिहिलेली अक्षरं, आणि प्रत्येक वस्तूला नाव असतं हे हेलनला उमगलं.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचायचं म्हणजे काय?

हेलन शिकत गेली. उठावाची अक्षरं, मग ब्रेल, टाइपरायटर, बोलायचा सराव. १९०० साली त्यांनी रॅडक्लिफ या नामवंत महिला महाविद्यालयात प्रवेश घेतला.

इथे खरी अडचण सुरू झाली. अभ्यासाला लागणारी सगळी पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती. मग अ‍ॅन काय करायच्या? वर्गात शिक्षक जे बोलतील ते हेलन यांच्या तळहातावर एकेक अक्षर करून लिहायच्या. घरी आल्यावर छापील पुस्तकं स्वतः वाचायच्या आणि तीही तळहातावर उतरवायच्या. हे काही तास चालायचं, रोज चालायचं आणि चार वर्षं चाललं.

१९०४ मध्ये हेलन केलर पदवीधर झाल्या. पदवी मिळवणारी ती पहिली मूकबधिर-अंध व्यक्ती मानली जाते. तोवर त्यांचं आत्मचरित्रही १९०३ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. जगभर कौतुक झालं. पण या वाचनाचा ताण अ‍ॅन यांच्या आधीच अधू असलेल्या डोळ्यांवर पडत होता. आयुष्याच्या शेवटच्या काळात त्यांची दृष्टी जवळपास संपली.

एका माणसाला वाचता यावं म्हणून दुसऱ्या माणसाने आपले डोळे आणि आपला वेळ द्यायचा, ही पद्धत आपल्यालाही नवी नाही. हेलन यांच्या जन्मानंतर वर्षभराने, जुलै १८८१ मध्ये, आपल्या अमरावती जिल्ह्यात गुलाबराव महाराजांचा जन्म झाला. त्यांचीही दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले, ऐकून लक्षात ठेवले आणि स्वतः सांगून शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ लिहून घेतले. १९१५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी ते गेले. प्रज्ञाचक्षू ही उपाधी त्यांना उगाच मिळालेली नाही.

पण गुलाबराव महाराजांना वाचून दाखवणारे शिष्य मिळाले आणि हेलन यांना अ‍ॅन मिळाल्या. ज्यांना असं कुणी मिळत नाही त्यांचं काय? पुस्तक आहे, ऐकायला कान आहेत, पण वाचणारा माणूस कामावर गेलाय, थकलाय किंवा कंटाळलाय. मग वाचन थांबतं. कुणाला सारखं सारखं वाच म्हणायचा संकोच वाटतो, तोही वेगळाच.

ब्रेल होती, मग अडचण कुठे होती?

आता तुम्ही म्हणाल, ब्रेल होती ना? होती. पण एकच नव्हती. त्या काळात अमेरिकेत अंधांसाठी उठावाच्या अनेक लिप्या चालायच्या. एका शाळेत शिकलेल्याला दुसऱ्या शाळेचं पुस्तक वाचता येईलच असं नव्हतं. हेलन यांना स्वतःला अशा अनेक लिप्या शिकाव्या लागल्या. या गोंधळाविरुद्ध त्यांनी आवाज उठवला आणि एकच लिपी असावी असा आग्रह धरला. इंग्रजीसाठी सगळीकडे चालेल अशा ब्रेलवर इंग्लंड आणि अमेरिका यांचं एकमत व्हायला १९३२ साल उजाडलं.

दुसरी अडचण आकाराची. ब्रेल पुस्तक जाडजूड असतं. छापील एका खंडाची कादंबरी ब्रेलमध्ये अनेक खंडांची होते. छपाई महाग, ठेवायला जागा जास्त.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. बऱ्याच लोकांची नजर लहानपणी नाही, तर उतारवयात जाते. साठीनंतर बोटांनी ठिपके ओळखायला शिकणं अनेकांना जमत नाही. ज्यांचे हात आयुष्यभराच्या कष्टांनी राठ झालेत त्यांना तर आणखी अवघड. म्हणजे आयुष्यभर वाचनाची गोडी असलेला माणूस नेमका म्हातारपणी, रिकामा वेळ असताना, पुस्तकाला मुकायचा.

१९२४ पासून हेलन केलर ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेसाठी काम करू लागल्या. भाषणं, निधी गोळा करणं, नेत्यांना भेटणं हे त्यांचं काम. १९२५ मध्ये त्यांनी लायन्स क्लबच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करायचं आवाहन केलं. आपल्याकडे गावोगावी लायन्सची नेत्रशिबिरं होतात, त्यामागे हे आवाहन आहे.

१९३० मध्ये अमेरिकेच्या संसदेत एक विधेयक आलं. प्रौढ अंधांच्या पुस्तकांसाठी सरकारने दरवर्षी १ लाख डॉलर द्यावेत, असं त्यात म्हटलं होतं. हेलन यांनी त्याच्या बाजूने संसदीय समितीपुढे साक्ष दिली. १९३१ मध्ये कायदा झाला. ही पुस्तकं लायब्ररी ऑफ काँग्रेसमार्फत देशभरातल्या ग्रंथालयांकडे जाणार आणि तिथून वाचकांना घरी मिळणार होती. पण तेव्हा पुस्तकं म्हणजे फक्त उठावाच्या लिपीतली पुस्तकं.

साध्या तबकडीत पुस्तक मावत नव्हतं

आवाजात पुस्तक साठवायची कल्पना मात्र जुनी होती. थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. त्याचे काय काय उपयोग होतील याची यादी त्यांनी पुढच्याच वर्षी दिली, त्यात अंधांसाठी बोलणारी पुस्तकं होतीच. एडिसन यांना स्वतःला लहानपणापासून कमी ऐकू यायचं, हाही एक योगायोग.

मग पन्नास वर्षं ही कल्पना का अडली? कारण साधं होतं. गाण्याची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि एका बाजूला चार-पाच मिनिटांत संपायची. एक कादंबरी ऐकायची तर तबकड्यांचा ढीग लागला असता.

अमेरिकन फाउंडेशनचे रॉबर्ट आयर्विन यांनी यावर काम सुरू केलं. ते स्वतः पाच वर्षांचे असताना अंध झाले होते. १९३२ च्या सुमारास त्यांच्या संस्थेने प्रयोग हाती घेतले. उपाय असा निघाला की तबकडी हळू फिरवायची, मिनिटाला साधारण ३३ फेरे, आणि तिच्यावरच्या रेषा जास्त जवळ जवळ कोरायच्या. यामुळे एका बाजूला सुमारे १५ मिनिटांचं वाचन बसू लागलं. मध्यम आकाराचं पुस्तक पंधरा-वीस तबकड्यांत मावायला लागलं. संगीताच्या एलपी रेकॉर्ड बाजारात आल्या १९४८ मध्ये. म्हणजे गाणं ऐकणाऱ्यांच्या कितीतरी आधी हे तंत्र अंध वाचकांच्या कामी आलं.

१९३३ मध्ये कायद्यात बदल झाला आणि पुस्तकांच्या निधीतून तबकड्याही घ्यायला परवानगी मिळाली. १९३४ मध्ये पहिली बोलकी पुस्तकं तयार झाली. त्यात बायबलमधला काही भाग, अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, शेक्सपिअरची नाटकं अशी पुस्तकं होती. १९३५ मध्ये इंग्लंडमध्येही ही सेवा सुरू झाली. तिथल्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची रहस्यकथा होती.

आता पेच असा झाला की तबकड्या सरकारी पैशाने ग्रंथालयातून फुकट मिळणार, पण त्या वाजणार कशावर? घरातल्या साध्या ग्रामोफोनवर या वेगाच्या तबकड्या चालत नव्हत्या. खास मशीन लागायचं. आणि सरकारचा निधी पुस्तकांसाठी होता, मशीनसाठी नव्हता. मशीन वाचकाने विकत घ्यायचं. ज्या अंध माणसाला काम मिळत नव्हतं, त्याने ते घ्यायचं कुठून?

हेलन यांनी नकार का दिला?

मशीनसाठी देणग्या गोळा करायच्या ठरल्या. देशातला सगळ्यात ओळखीचा चेहरा हेलन केलर यांचा. साहजिकच संस्थेने त्यांना गळ घातली.

१९३३ साल होतं. हेलन तेव्हा स्कॉटलंडमध्ये होत्या, सोबत आजारी अ‍ॅन. तिथून त्यांनी तारेने नकार कळवला. देशात एक कोटीच्या आसपास लोक बेकार आहेत, लोकांना पोटाची भ्रांत आहे, अशा वेळी ग्रामोफोनसाठी पैसे मागणं मला पटत नाही, सध्या अंधांना बोलक्या पुस्तकांवाचून चालू शकेल, असा त्याचा आशय होता.

हा नकार समजून घ्यायचा असेल तर हेलन केलर यांची दुसरी बाजू माहिती असायला हवी. त्या फक्त प्रेरणादायी बाई नव्हत्या. त्या समाजवादी होत्या. १९०९ मध्येच त्या समाजवादी पक्षात गेल्या होत्या. कामगारांच्या संपांना पाठिंबा, स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू, युद्धाला विरोध, हे सगळं त्यांनी उघडपणे केलं. अंधत्व आणि गरिबी यांचा संबंध आहे, कारखान्यातले अपघात आणि वेळेवर न मिळालेले उपचार यांमुळे माणसं अंध होतात, हे त्या सांगत होत्या. १९२९ पासून अमेरिकेत महामंदी होती. अशा वेळी आधी भाकरी, मग पुस्तक, असं त्यांना वाटणं अगदी त्यांच्या विचारांना धरून होतं.

शिवाय एक गोष्ट उघड आहे. ब्रेल पुस्तक बोटांखाली आलं की काय वाटतं हे हेलन यांना स्वतःच्या अनुभवातून माहीत होतं. आवाजाचं पुस्तक मात्र त्यांच्यापर्यंत पोचणारच नव्हतं. १९२४ मध्ये रेडिओच्या पडद्यावर बोटं ठेवून त्यांनी बेथोव्हनची सिंफनी कंपनांतून अनुभवली होती. पण कंपनांतून संगीत जाणवतं, कादंबरीतलं वाक्य कळत नाही.

मग मशीन उसनं मिळायला लागलं

पुढच्या दोन वर्षांत चित्र बदललं. बोलकी पुस्तकं प्रत्यक्षात आली. ज्यांना ब्रेल जमत नव्हती ते वाचक पुन्हा पुस्तकाकडे वळू लागले. पण मशीनची किंमत आड येतच होती. हेलन यांनी आपली भूमिका बदलली आणि १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारकडे या मशीनसाठी पाठपुरावा केला.

रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी बेकारांना काम देणारी एक प्रचंड योजना सुरू केली होती. नाव वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखी समजा. रस्ते, शाळा, पूल तर त्यातून झालेच, पण न्यूयॉर्कमध्ये टॉकिंग बुक मशीन बनवायचा कारखानाही याच योजनेच्या पैशाने चालला. १९४२ पर्यंत तिथे २३ हजारांहून अधिक मशीन तयार झाली.

म्हणजे बघा, हेलन यांचा आक्षेप काय होता? लोकांना काम नाही आणि तुम्ही ग्रामोफोनसाठी पैसे मागताय. आणि तोडगा काय निघाला? त्याच बेकार लोकांना ग्रामोफोन बनवायचं काम द्यायचं. भाकरी की पुस्तक, हा प्रश्नच उरला नाही.

पण या योजनेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ही मशीन विकली नाहीत, वाटूनही टाकली नाहीत. ती सरकारच्या मालकीची राहिली आणि अंध वाचकांना वापरायला दिली गेली. गरज असेपर्यंत घरी ठेवा, गरज संपली की परत करा, मग ते दुसऱ्या वाचकाला मिळेल. ग्रंथालयातून पुस्तक आणतो तसंच मशीनही आणायचं. तबकड्यांची पेटी टपालाने घरी यायची, ऐकून झाली की टपालानेच परत जायची, आणि १९३४ पासून त्याला टपालखर्चही लागत नव्हता.

ही पद्धत इतकी टिकली की मशीन बदलत गेली, पण नियम तोच राहिला. तबकड्यांनंतर कॅसेट आल्या, मग डिजिटल यंत्रं आली. तिथे आजही पात्र वाचकाला मशीन विनामूल्य उसनं मिळतं. १९६६ मध्ये कायद्याने आणखी एक दार उघडलं. ज्यांना दिसतं, पण लकवा, थरथरणारे हात किंवा दुसऱ्या शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही, त्यांनाही ही सेवा मिळू लागली. वाचायला डोळे लागतात तसे हातही लागतात, हे तेव्हा मान्य झालं.

अ‍ॅन सुलिव्हन हे सगळं फार काळ बघू शकल्या नाहीत. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्या गेल्या. जवळपास पन्नास वर्षं त्यांनी हेलन यांना जग वाचून दाखवलं होतं.

हेलन केलर मुंबईत येतात

दुसऱ्या महायुद्धानंतर हेलन केलर जगभर फिरल्या. १९५५ मध्ये, पंच्याहत्तरी जवळ आली असताना, त्यांनी आशियाचा सुमारे ४० हजार मैलांचा दौरा केला. सोबत त्यांच्या सहकारी पॉली थॉमसन होत्या. त्या भारतात आल्या, पंडित नेहरूंना भेटल्या, मुंबईलाही आल्या.

तेव्हाची मुंबई या कामात अगदीच कोरी नव्हती. दादरची अंधशाळा १९०० पासून आणि ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ पासून सुरू होती. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली होती, त्यामुळे मराठी ब्रेललाही पक्कं रूप आलं होतं. आणि १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपल्याला ‘नॅब’ म्हणून माहीत असलेली संस्था स्थापन झाली होती. पुढे याच संस्थेने बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय चालवलं. आधी टेप, मग कॅसेट, मग सीडी. मराठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारे स्वयंसेवक पुढे आले आणि ती पुस्तकं वाचकांकडे जाऊ लागली.

१९६१ मध्ये पक्षाघात झाल्यावर हेलन केलर सार्वजनिक आयुष्यातून निवृत्त झाल्या. १ जून १९६८ रोजी, ८८ वा वाढदिवस काही आठवड्यांवर असताना, त्यांचं निधन झालं. मुंबईत १९७७ मध्ये मूकबधिर-अंध मुलांसाठी सुरू झालेल्या संस्थेला त्यांचंच नाव दिलं गेलं.

आणि सिरसाळ्याचं काय?

आता आपल्या बीड जिल्ह्यात येऊ. कागदावर बघितलं तर आज परिस्थिती १९३५ च्या अमेरिकेपेक्षा कितीतरी चांगली आहे.

२०१२ मध्ये भारताच्या कॉपीराइट कायद्यात बदल झाला. दिव्यांग वाचकांसाठी पुस्तक ब्रेलमध्ये किंवा आवाजात आणायला आता लेखक-प्रकाशकाची परवानगी आडवी येत नाही. २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. तारीख बघितलीत? हेलन केलर यांचा जन्मदिवस. या कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. छापील पुस्तक वाचता येत नाही असं प्रमाणपत्र असलेल्या वाचकाला तिथे सदस्य होता येतं आणि अनेक भाषांतली पुस्तकं उतरवून घेता येतात. अंधांसाठीच्या साहित्याची ७ किलोपर्यंतची पाकिटं भारतीय टपाल खातं साध्या टपालाने विनाशुल्क पोचवतं.

म्हणजे पुस्तकं आहेत आणि कायदाही आहे. मग अडतं कुठे? नेमकं तिथेच, जिथे १९३४ मध्ये अडलं होतं. पुस्तक मिळतं, पण ते वाजवायचं कशावर?

मोबाईलवर, असं पटकन म्हणता येतं. ज्यांना स्मार्टफोन सरावाचा आहे त्यांच्यासाठी ते बरोबरही आहे. पण सत्तरीत नजर गेलेल्या माणसाला काचेच्या गुळगुळीत पडद्यावर बोट कुठे ठेवायचं हे कळत नाही. ज्याचा हात थरथरतो त्याचं बोट नको तिथे लागतं. घरात एकच फोन असेल तर तो कमावत्या माणसाबरोबर बाहेर असतो. अशा वाचकांसाठीच डेझी प्लेअर नावाचं यंत्र मिळतं. त्याला हाताला जाणवणारी ठळक बटणं असतात. पुस्तक जिथे थांबवलं तिथूनच ते पुढे सुरू होतं. हवं ते प्रकरण गाठता येतं, आवाजाचा वेग कमी-जास्त करता येतो. पण ते प्रत्येकाने विकत घ्यावं इतकं स्वस्त नाही.

बीड जिल्ह्यात ही अडचण आणखी टोकदार होते. दिवाळीच्या आगेमागे कितीतरी घरांतली कर्ती माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसं. वाचून दाखवायला घरात कुणी नसण्याचे हे महिने आहेत. यंत्राची खरी गरज तेव्हाच असते.

उपाय शोधायला फार लांब जायला नको. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली गावोगावी शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं चालतात, अ, ब, क, ड अशा वर्गांची. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. सिरसाळ्यासारख्या मोठ्या गावाने या निधीतून दोन-चार प्लेअर घेऊन वाचनालयात ठेवले आणि पुस्तकासारखे नोंदवहीत सही घेऊन घरी दिले, तर १९३५ ची ती पद्धत जशीच्या तशी इथे सुरू होऊ शकते. सुगम्य पुस्तकालयातली मराठी पुस्तकं त्यात भरून द्यायचं काम गावातला कुणीही संगणक येणारा तरुण करू शकतो.

तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल तर सुरुवात दिव्यांग ओळखपत्रापासून करा. युडीआयडी म्हणून जे कार्ड मिळतं, ते असेल तर बाकीची दारं उघडायला सोपं जातं. त्यानंतर सुगम्य पुस्तकालय किंवा नॅबसारख्या संस्थेचं सदस्यत्व. आणि मग ग्रामसभेत उठून एक साधा प्रश्न विचारायचा, की आपल्या ५ टक्के निधीतून यंदा काय घेतलं?

बोलकी पुस्तकं ही चैन आहे, असं हेलन केलर यांनाही एकदा वाटलं होतं. त्यांनी ते मत बदललं, आणि ज्या मशीनमधला एक शब्दही आपल्याला कधी ऐकू येणार नाही, त्या मशीनसाठी सरकारकडे मागणी केली. ग्रामसभेत हा प्रश्न विचारायलाही आपली स्वतःची नजर गेलेली असायची गरज नाही.